तिचे रकाने

गेल्या मार्चमधली गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत मी डब्यातली भेंडी संपवत होते, तेवढ्यात ती समोर येऊन बसली. "घर घेताना तू एक एक्सेल केलं होतंस म्हणे. आहे का अजून?"

होतं. २०१२ सालचं. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रालीजवळ, कॅरी गावात घर घेण्याआधी मी आणि नवऱ्याने चार महिने त्या फाइलमध्ये घातले होते. शाळेचा नंबर दहापैकी किती, ऑफिस किती मिनिटांवर, आपलं वाणसामान मिळणारं दुकान किती मैलांवर, कर किती, वस्तीची वर्गणी किती, उद्या विकायला काढलं तर किती दिवसांत विकलं जाईल. प्रत्येक रकान्याला वजन, शेवटी बेरीज, आणि बेरीज जास्त ते घर हिरवं. मंडळाच्या गणपतीत ही फाइल इतकी हातोहात फिरली की पुढे सहा-सात मराठी कुटुंबांनी तिच्यावरून घरं घेतली. मला त्याचा थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

तिला ती निवृत्तीसाठी हवी होती. आमच्या कंपनीत ती क्वालिटी विभागात आहे, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी, आता त्रेसष्टची. दोन वर्षांत काम सोडणार. जन्म आणि शाळा ग्रीन्सबरोची, आजोळ डरमचं, नोकरी आणि घर रालीत, मुलगी आणि आठ वर्षांचा नातू शार्लटला. "नॉर्थ कॅरोलायना सोडणार नाही, एवढं पक्कं. पण माझ्यासारख्या बाईने कुठल्या गावात म्हातारं व्हावं, ते तुझ्या एक्सेलला विचारू या."

माझ्यासारख्या, म्हणजे ब्लॅक. ती स्वतःसाठी हाच शब्द वापरते, म्हणून मीही इथे तोच वापरते. आपल्या पॉटलकमध्ये यासाठी जे शब्द येतात आणि ज्या हलक्या आवाजात येतात, ते लिहिण्यासारखे नाहीत.

पुढच्या शनिवारी ती आमच्याकडे आली. मी फाइल उघडली, जुनी घरं पुसली आणि डावीकडे शहरांची नावं टाकली: शार्लट, राली, डरम, ग्रीन्सबरो, विन्स्टन-सेलम, विल्मिंग्टन. मग माझे वरचे रकाने तिने एकेक करून खोडायला लावले. शाळेचा नंबर नको, ऑफिसचं अंतर नको, विक्रीची घाई नाही. कर तेवढा ठेवला. आणि मला म्हणाली, लिही: रात्री पोलिसांनी गाडी थांबवली तर काय होतं. दवाखान्यात माझं ऐकतील का. चर्च. केस कुठे करायचे. वस्ती दहा वर्षांनी जागेवर असेल का. आणि एक, जो मला आधी कळलाच नाही: खोलीत मी एकटीच, असं आठवड्यातून किती वेळा.

हे लिहिताना माझ्या जुन्या फाइलमधली एक गोष्ट पहिल्यांदा डोळ्यांवर आली. त्यात रंगाचा रकाना कुठेच नव्हता, आणि तरी आमची हिरवी झालेली सगळी घरं काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, पश्चिमेला होती. कॅरी, मॉरिसव्हिल, एपेक्स. रालीच्या आग्नेय भागातलं एकही घर आमच्या यादीत आलंच नव्हतं, मग बघायला जायचा प्रश्नच नाही. आम्ही कोणाचा द्वेष केला नव्हता. आम्ही फक्त शाळेचा नंबर बघितला होता. तो नंबर बराचसा परीक्षेच्या गुणांवरून ठरतो, गुण बरेचसे आईबापांच्या कमाईवरून, आणि या राज्यात कोणाच्या आईबापांना कुठे घर घेऊ दिलं गेलं, हा सगळा इतिहास त्या एका आकड्यात साखरेसारखा विरघळलेला असतो. चव लागते, दिसत नाही.

तर, डरमपासून सुरुवात केली, कारण तिथे बोलायला तिला सर्वांत आवडतं.

डरम हे तंबाखूचं गाव. जॉन मेरिक गुलामगिरीत जन्मले, गवंडीकाम केलं, मग न्हावी झाले. तंबाखूवाले वॉशिंग्टन ड्यूक त्यांच्याकडे दाढी करायचे. याच मेरिकनी डॉ. एरन मूर आणि इतरांबरोबर १८९८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल ही विमा कंपनी काढली. आठवड्याला काही सेंटांचा हप्ता, घरोघर फिरून गोळा केलेला. पुढे सी. सी. स्पॉल्डिंग यांनी ती एवढी वाढवली की देशातली सर्वांत मोठी ब्लॅक मालकीची विमा कंपनी म्हणून तिचं नाव झालं. पॅरिश स्ट्रीटवर तिचं ऑफिस, शेजारी १९०८ मध्ये उघडलेली मेकॅनिक्स अँड फार्मर्स बँक, जी आजही चालू आहे. रुळांच्या पलीकडे हेटी नावाची वस्ती. नाव हैती देशावरून, जिथल्या गुलामांनी बंड करून आपलं राज्य उभं केलं. दुकानं, थिएटर, चर्चं, लिंकन हॉस्पिटल, जवळच जेम्स शेपर्ड यांनी काढलेलं कॉलेज. तिच्या आजीचं घर हेटीत होतं.

मग १९६० चं दशक आलं आणि 'शहर नवीकरण' आलं. शब्द किती गुळगुळीत. सडक्या घरांच्या जागी नवी घरं देऊ, व्यापाऱ्यांना नवी दुकानं देऊ, असं सांगून मतं मागितली गेली, आणि ब्लॅक पुढाऱ्यांमधल्या काहींनी विश्वासाने ती दिलीही. चार हजारांवर कुटुंबं हलली, पाचशेच्या आसपास धंदे उठले, आणि मधून डरम फ्रीवे गेला. उठलेल्या दुकानदारांना काही काळ पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं होतं. लोक त्याला टिन सिटी म्हणत. कायमची दुकानं बांधून व्हायची होती, ती झालीच नाहीत.

"डरमला काय देऊ?" मी विचारलं.

चर्चला दहापैकी दहा. केसांना दहा. एकटेपणाला दहा, म्हणजे एकटेपण नाहीच. तिथे बँकेत, कोर्टात, कौन्सिलमध्ये, डॉक्टरांच्या खोलीत आपल्यासारखं कोणी ना कोणी भेटतंच. गाडी थांबवण्याच्या रकान्यातही डरमला बरे गुण मिळाले. ही गोष्ट मला माहीत नव्हती, इतकी वर्षं इथे राहून. १९९९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने कायदा केला की पोलिसांनी रस्त्यात गाडी थांबवली की चालकाचा वंश, कारण, झडती घेतली का, हे सगळं नोंदवायचं. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. पुढे चॅपल हिलच्या विद्यापीठातल्या फ्रँक बाउमगार्टनर यांनी अशा दोन कोटी नोंदी तपासल्या. थांबवल्यावर झडती होण्याची शक्यता ब्लॅक चालकांच्या बाबतीत गोऱ्यांच्या साधारण दुप्पट निघाली. ओरड झाल्यावर डरममध्ये २०१४ पासून असं ठरलं की नुसत्या संमतीवर गाडीची झडती घ्यायची तर ती संमती लेखी हवी. राज्यातल्याच फेयटव्हिल शहराच्या पोलिसप्रमुखांनी तर मागचा दिवा फुटलाय, स्टिकर जुनं झालंय असल्या कारणांनी थांबवणं कमी करून वेग आणि सिग्नल तोडण्याकडे लक्ष वळवलं. हे तिला तोंडपाठ आहे. मला माझ्या काउंटीच्या शाळांचे नंबर पाठ होते, तसं.

मात्र 'वस्ती जागेवर असेल का' या रकान्यात तिने डरमसाठी काही लिहिलं नाही. २००० च्या जनगणनेत डरममधले ४४ टक्के लोक ब्लॅक होते. २०२० पर्यंत ते ३६ टक्क्यांच्या आसपास आले. तंबाखूच्या गोदामांत आता ऑफिसं आणि ब्रुअरी आहेत. नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल २०२२ मध्ये कोर्टाच्या आदेशाने गुंडाळली गेली, एकशे चोवीस वर्षांनी. आणि २०२० च्या जानेवारीत मॅकडूगल्ड टेरेस या सरकारी घरांच्या वसाहतीत कार्बन मोनॉक्साइडची गळती सापडली, शेकडो कुटुंबांना रातोरात हॉटेलांत हलवावं लागलं. तिची चुलत बहीण महिनोन् महिने हॉटेलच्या खोलीत मायक्रोवेव्हवर स्वयंपाक करत होती. त्याच गावात. कौन्सिलमध्ये आपली माणसं असलेल्या गावात.

शार्लटची गोष्ट वेगळी. तिथे पैसा आहे. बँकांच्या उंच इमारती आहेत, आणि न्यूयॉर्क, न्यूजर्सीकडून परत दक्षिणेत येणाऱ्या ब्लॅक कुटुंबांची रांग आहे. ज्यांचे आजोबा जिम क्रोच्या, म्हणजे कायद्याने लादलेल्या वंशभेदाच्या, काळात जीव मुठीत धरून उत्तरेला गेले, त्यांची नातवंडं आता शार्लटला चार बेडरूमचं घर घेताहेत. तिची मुलगी बँकेत चांगल्या हुद्द्यावर आहे. पगाराचा रकाना केला असता तर शार्लट पहिलं.

पण २०१४ साली अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ५० मोठ्या शहरी भागांची एक यादी केली. उत्पन्नाच्या सर्वांत खालच्या पाचव्या हिश्शात जन्मलेलं मूल मोठेपणी सर्वांत वरच्या पाचव्या हिश्शात पोचण्याची शक्यता किती? कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत १२.९ टक्के. शार्लटमध्ये ४.४. पन्नासात पन्नासावा नंबर. एवढं झगझगीत शहर, आणि गरिबाच्या पोराला वर चढायला सर्वांत वाईट. शहराने ते मनाला लावून घेतलं, समित्या नेमल्या, आणि २०२४ मध्ये नव्या हिशोबात शार्लट अडतिसावं आलं. सुधारणा आहेच. अडतिसावा नंबरही आहेच.

असं का, ते नकाशा बघून कळतं. शार्लटचे लोक स्वतःच सांगतात: दक्षिणेकडे श्रीमंत, बहुतांशी गोऱ्या वस्तीची पाचर, आणि तिच्याभोवती बाकी शहराची चंद्रकोर. शहराच्या मध्यात ब्रुकलिन नावाची ब्लॅक वस्ती होती, तीही साठच्या दशकात पाडली. हजाराहून जास्त कुटुंबं गेली, दोनशेहून जास्त धंदे, डझनभर चर्चं. तिथलं सेकंड वॉर्ड हायस्कूल पाडलं, जिमखान्याची इमारत तेवढी उरली. लोक पश्चिमेला आणि उत्तरेला पांगले आणि चंद्रकोर दाट झाली.

गंमत म्हणजे याच शहराने एकदा उलटंही करून दाखवलं होतं. ज्युलियस चेंबर्स या वकिलांनी चालवलेल्या स्वॉन खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७१ मध्ये सांगितलं की शाळांमधली फाळणी मोडण्यासाठी मुलांना बसने दुसऱ्या भागातल्या शाळेत नेणं योग्य आहे. चेंबर्स यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, ऑफिस जाळलं गेलं, आणि तरी शार्लटच्या शाळा पंचवीसएक वर्षं खरोखर मिसळलेल्या राहिल्या. नव्वदीच्या शेवटी काही गोऱ्या पालकांनी पुन्हा खटला भरला. न्यायाधीश म्हणाले, आता गरज उरली नाही. २००२ पासून मुलं घराजवळच्या शाळेत जाऊ लागली, आणि घरं कुठे होती ते वर सांगितलंच.

तिचा नातू मात्र पाचरीतल्या शाळेत जातो. मुलीने तिकडे घर घेतलंय. 'खोलीत मी एकटाच' हा रकाना नातवाच्या नावाने भरायचा तर वर्गात दोनच, म्हणाली. मी पटकन म्हटलं, पण शाळा चांगली आहे ना? तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

मग तिने चेट्टींचाच दुसरा अभ्यास सांगितला, २०१८ चा. सारख्याच उत्पन्नाच्या घरात, एकाच मोहल्ल्यात वाढलेले दोन मुलगे घ्या, एक ब्लॅक, एक गोरा. मोठेपणी ब्लॅक मुलाची कमाई कमी निघते, आणि हे देशातल्या ९९ टक्के मोहल्ल्यांत. मुलींमध्ये हा फरक जवळजवळ दिसत नाही. "तर तुझं एक्सेल त्या एक टक्क्यातलं कुठलं गाव दाखवत असेल तर सांग, नातवाला घेऊन जाते."

इथे मी लॅपटॉप जरा बाजूला केला आणि चहा टाकला. आल्याचा. तिला आवडतो.

चहाबरोबर पुण्याची गोष्ट निघाली. माझे बाबा सोलापूरहून बदली होऊन पुण्यात आले तेव्हा आम्ही भाड्याच्या घरासाठी फिरत होतो. मी सातवीत असेन. प्रत्येक दारात आधी विचारायचे, आडनाव काय? आमचं आडनाव ऐकल्यावर आतून चहा यायचा. बाबांच्या ऑफिसातले एक सहकारी त्याच महिन्यात, त्याच पगारावर, त्याच पेठांमध्ये फिरत होते. त्यांना पाणी विचारलं गेलं आणि जागा नुकतीच गेली असं सांगितलं गेलं. तीच जागा, जी दुसऱ्या दिवशी आम्हाला दाखवली. बाबांनी हे घरी सांगितलं, वाईट वाटलं म्हणाले, आणि जागा घेतली. आम्ही तिथे नऊ वर्षं राहिलो.

तिला मी जोतीराव फुल्यांचंही सांगितलं. १८७३ मध्ये पुण्यात त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केली, त्यांनी गुलामांना मुक्त केलं म्हणून. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून. सांगताना माझा आवाज नकळत शाळेतल्या भाषणासारखा झाला असावा. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. पुस्तकाचं नाव दोनदा विचारून कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाली, "एवढं सगळं माहीत असून तुम्ही सगळे कॅरीत कसे?"

मी हसले. दुसरं काय करणार?

रालीवर आम्ही फार वेळ घालवला नाही, कारण तिथे ती राहतेच. राहण्याजोग्या शहरांच्या याद्या निघतात त्यात राली कायम वर असते, ब्लॅक कुटुंबांसाठीच्या याद्यांतसुद्धा. नोकऱ्या आहेत, स्वतःच्या घरात राहणारे बरेच आहेत. शॉ युनिव्हर्सिटी १८६५ ची, दक्षिणेतलं सर्वांत जुनं ब्लॅक विद्यापीठ. १९६० च्या एप्रिलमध्ये तिथेच नागरी हक्क चळवळीतल्या एला बेकर यांनी विद्यार्थ्यांना एकत्र बसवून त्यांची संघटना उभी केली. १९७३ मध्ये क्लॅरन्स लाइटनर महापौर म्हणून निवडून आले, बहुसंख्य गोऱ्या शहरात. सगळं खरं. पण तिच्या घरी आठवड्याला तीन-चार पोस्टकार्डं येतात, हाताने लिहिल्यासारख्या अक्षरात छापलेली: तुमचं घर रोख घेतो, दुरुस्ती नको, कधी बोलू या? गल्लीतली आठ घरं गेली. त्या जागी पांढरी भिंत आणि काळ्या खिडक्यांची उंच घरं उभी राहिली. २०२४ मध्ये काउंटीने घरांच्या किमती नव्याने ठरवल्या तेव्हा त्या सरासरी निम्म्याहून जास्त वाढल्या, आणि करही हलला. "माझं घर श्रीमंत झालं, मी होते तिथेच आहे," असं ती म्हणते. म्हणून तर ती गाव शोधत होती. आणि मी ज्या 'किती दिवसांत विकलं जाईल' या रकान्याला सर्वांत जास्त वजन दिलं होतं, तो तिच्या दाराशी पोस्टकार्डं घेऊन येत होता.

विल्मिंग्टनला समुद्र आहे, हवा छान आहे, निवृत्त लोक तिथेच जातात. मी ते मुद्दाम यादीत घातलं होतं. तिने ओळीवर बोट ठेवून सांगितलं, काढ.

१८९८ पर्यंत विल्मिंग्टनमध्ये ब्लॅक लोक बहुसंख्य होते. नगरसेवक, व्यापारी, कस्टमचा अधिकारी, आणि ॲलेक्स मॅनली यांचं 'डेली रेकॉर्ड' हे वर्तमानपत्र. १० नोव्हेंबरला हत्यारबंद गोऱ्या जमावाने छापखाना जाळला, माणसं मारली, किती ते आजवर नीट मोजलं गेलेलं नाही, आणि निवडून आलेल्या शहर सरकारला बंदुकीच्या धाकाने राजीनामे द्यायला लावून दुसरे लोक खुर्चीत बसवले. या देशाच्या भूमीवर निवडलेलं सरकार असं उलथलं जाण्याचं हे उदाहरण. दोन वर्षांत राज्यघटनेत साक्षरतेची अट घालून ब्लॅक मतदारच काढून टाकला गेला. राज्याने यावर अधिकृत अहवाल काढला तो २००६ मध्ये. आज त्या शहरात ब्लॅक लोक पाचातला एकसुद्धा नाहीत.

तिच्या घरी असं सांगतात की पणजीचे लोक त्या नोव्हेंबरात बायकापोरांसह दलदलीत लपले, थंडीत दोन रात्री काढल्या आणि मग आत, डरमकडे आले. जे वर्ष विल्मिंग्टनमध्ये संपलं तेच डरममध्ये मेरिकच्या कंपनीचं पहिलं वर्ष. मी ओळ काढली.

विन्स्टन-सेलमबद्दल तिच्याकडे एकच गोष्ट होती, पण काय गोष्ट. शहरातली ट्राम आणि बस ब्लॅक वस्तीत नीट जात नाही म्हणून तिथल्या फुटकळ जिटनीवाल्यांनी, म्हणजे भाड्याच्या खासगी गाड्या चालवणाऱ्यांनी, १९२६ मध्ये एकत्र येऊन सेफ बस कंपनी काढली, आणि ती सत्तरच्या दशकापर्यंत चालवली. तिची मोठी मावशी त्या बसने रेनॉल्ड्सच्या तंबाखू कारखान्यात जायची. "मागे बसा असं म्हणणारं कोणी नव्हतं. बसच आपली." आता तिथे काय आहे? आता हायवेच्या पूर्वेला गरिबी आहे आणि पश्चिमेला नाही. पुढचं गाव घे, म्हणाली.

पुढचं गाव ग्रीन्सबरो. म्हणजे तिचं.

ग्रीन्सबरो म्हटलं की सगळ्यांना १ फेब्रुवारी १९६० आठवतं. कॉलेजची चार ब्लॅक पोरं वूलवर्थ या दुकानातल्या, फक्त गोऱ्यांना बसू देणाऱ्या काउंटरवर कॉफी मागायला बसली आणि उठली नाहीत. तो काउंटर आता संग्रहालयात आहे, मीही पाहुण्यांना दाखवून आणलाय. तिने सांगितलं ते चौघांपैकी डेव्हिड रिचमंड यांचं. त्या गावात त्यांच्यावर 'गडबड करणारा' असा शिक्का बसला, धड नोकरी मिळेना. काही काळ गाव सोडून डोंगराकडे गेले, आईवडील थकले म्हणून परत आले, एका शुश्रूषागृहात सफाईचं काम केलं आणि १९९० मध्ये गेले, पन्नाशीही न गाठता. "पुतळ्यात तेही आहेत," ती म्हणाली, "कॉलेजच्या आवारात. चांगला आहे पुतळा."

तिचा जन्म १९६२ चा, एल. रिचर्डसन या ब्लॅक हॉस्पिटलमधला. मोझेस कोन हे मोठं हॉस्पिटल घरापासून जवळ होतं, पण तिथे तिच्या आईला बाळंतपणासाठी घेतलं नसतं. त्याच वर्षी जॉर्ज सिमकिन्स या दंतवैद्याने खटला भरला. त्यांच्या एका रुग्णाची दाढ सुजली होती, ॲडमिट करायला हवं होतं, आणि गावातल्या मोठ्या हॉस्पिटलांनी दार उघडलं नव्हतं. त्या हॉस्पिटलांच्या बांधकामात केंद्राचा पैसा होता, म्हणून त्यांना असं वागता येणार नाही, हा निकाल १९६३ मध्ये लागला, आणि सगळ्या दक्षिणेतल्या हॉस्पिटलांची दारं त्याने हलवली. वूलवर्थचा काउंटर सगळ्या जगाला ठाऊक आहे, सुजलेली दाढ कोणालाच नाही. मला विचाराल तर दाढ मोठी.

दवाखान्याचा रकाना त्यामुळे तिच्यासाठी साधा नाही. या राज्यात ब्लॅक अर्भकं दगावण्याचं प्रमाण आजही गोऱ्या अर्भकांच्या दुपटीहून जास्त आहे. तिच्या मुलीला बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी डोकं फुटेल असं दुखत होतं, आणि एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये तिला झोप घ्या, पाणी प्या, असं दोनदा सांगून घरी पाठवलं. मुलगी बँकेत व्हाइस प्रेसिडेंट, विमा उत्तम. तिसऱ्या वेळी ही स्वतः बरोबर गेली आणि रक्तदाब घेतल्याशिवाय हलत नाही म्हणून खुर्चीत बसली. वर १९० होता. "माझ्या आईने मला शिकवलं, मी तिला शिकवलं: बसायचं आणि उठायचं नाही." ग्रीन्सबरोची माणसं.

तिची आई ८६ वर्षांची, अजून ईशान्य ग्रीन्सबरोतल्या त्याच घरात. त्या भागातलं किराणा दुकान १९९८ मध्ये बंद पडलं ते वर्षानुवर्षं बंदच राहिलं. शेवटी लोकांनी वर्गणी काढून २०१६ मध्ये स्वतःचं सहकारी दुकान उघडलं. सहकारी म्हटल्यावर मी सावरून बसले, माझ्या आजोबांची हयात साखर कारखान्यात गेली. ते दुकान २०१९ च्या जानेवारीत बंद झालं. मोठ्या दुकानांच्या भावाशी टिकाव लागला नाही. तिच्या आईची सभासद पावती अजून फ्रिजवर चुंबकाने लावलेली आहे. एकीकडे ए अँड टी विद्यापीठ, देशातलं सर्वांत जास्त विद्यार्थ्यांचं ब्लॅक विद्यापीठ, दोन मैलांवर. दुसरीकडे ताजी कोथिंबीर घ्यायला दोन बस.

तर ग्रीन्सबरोला किती? चर्च दहा. केस नऊ, कारण तिची बाई आता फक्त गुरुवारी बसते. गाडी थांबवण्याला सात, कारण तिथेही आकडे वर्तमानपत्रात आल्यावर किरकोळ कारणांनी थांबवणं बंद करायचा हुकूम निघाला होता. बाजारहाटाचा रकाना नव्हता, तो तिने घालायला लावला आणि दोन दिले. मग अजून एक रकाना घातला: 'आई'. त्यात ग्रीन्सबरोपुढे ८६ लिहिलं. मी म्हटलं, अगं दहापैकी द्यायचेत. ती म्हणाली, राहू दे. बेरीज अर्थातच बिघडली आणि ग्रीन्सबरो एकदम हिरवंगार झालं.

जूनमध्ये तिने मला डरमला नेलं, हेटी हेरिटेज सेंटरमध्ये गाण्याला. जुन्या सेंट जोसेफ चर्चची लाल विटांची इमारत, पाडापाडीतून वाचलेली. गाडी मी चालवत होते. फ्रीवेला लागलो, शहराच्या इमारती दिसायला लागल्या, आणि ती बोलता बोलता थांबली. फेयटव्हिल स्ट्रीटचा फाटा यायच्या थोडं आधी म्हणाली, "डाव्या लेनमध्ये घे."

मला वाटलं, बाहेर पडायचा रस्ता डावीकडून असेल. घेतली. तो उजवीकडे होता आणि चुकला. पुढच्या फाट्यावरून वळून परत यावं लागलं, दहा मिनिटं उशीर झाला. वळताना मी विचारलं, मग डावीकडे कशाला?

"आजीचं स्वयंपाकघर," ती म्हणाली. "आई लहानपणी दाखवायची. डाव्या लेनमधून गेलं की चुलीवरून जातो."